मिठाच्या बरणीतलं नायट्राइट

तेमिरबेक,

चुलीवरच्या शोर्पो सूपला हात लावू नकोस, कुत्र्यालाही घालू नकोस. पुडीवर नुसतं 'सोडियम' वाचून तू मिठाच्या बरणीत जे ओतलंस ते क्लोराइड नव्हतं. ते नायट्राइट होतं, सॉसेजचं मांस टिकवायचं. दोन्ही पांढरे, दोन्ही खारट, पाण्यात दोन्ही सारखेच विरघळतात. तुझ्या आई अर्धी वाटी प्यायल्या आणि त्यांचे ओठ निळे पडले. डॉक्टरांना मी नेमकं नाव सांगितलं, म्हणून उतारा लगेच देता आला. जीव वाचलाय. त्यांचे कपडे घेऊन मी परत दवाखान्यात जातेय.

शुद्धीवर येताच मला म्हणाल्या, "पोरी, माझ्याच हातून काही चुकलं का गं?"

सूप त्यांनीच रांधलं होतं ना. उत्तर तू येऊन दे.

नुरझात