दोनशे अठ्ठ्याऐंशी वॉट-अवर

३ मार्च, सकाळी ६.१०
आईच्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीखाली आडवा पडून बॅटरीचं लेबल वाचतो आहे. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर. गुणाकार तीनदा केला. २८८ वॉट-अवर. विमानात तीनशेपर्यंत चालतात. दहावीला मी गणितातच गेलो, ही गोष्ट वेगळी.

मावशीचं हृदयाचं ऑपरेशन बारा तारखेला. त्याआधी तिच्याजवळ बसायचं, एवढंच आईचं म्हणणं. दहा तारखेची दोन तिकिटं काढली. मी बरोबर नसलो तर आईचं कसं होणार?

४ मार्च
विमान कंपनीला फोन. एक्केचाळीस मिनिटं एकच धून. मग एक बाई म्हणाल्या, फॉर्म अठ्ठेचाळीस तास आधी भरा, बॅटरी काढून केबिनमध्ये जवळ ठेवा, टोकांना टेप लावा, लेबलवरचा आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. लिहून घेतो म्हणालो. सगळं वेबसाइटवर आहे म्हणाल्या. तरी घेतलं.

५ मार्च
फॉर्म भरला. एकही खाडाखोड नाही.
मावशीच्या गावातून ताईचा फोन. म्हणाली, अरे, विमानतळावर त्यांची साधी खुर्ची मिळते, ढकलायला माणूस मिळतो, इथे मी भाड्याने घेते, कशाला एवढा खटाटोप? तिला काय कळतं!
आई म्हणाली, मला नेतोयस की बॅटरीला?
घरात कुणाला कदर नाही.

७ मार्च
मी कामाला आहे त्या झेरॉक्सच्या दुकानात आज मीच गिऱ्हाईक. फॉर्म, मॅन्युअल, नियम, प्रत्येकी चार प्रती. मालकांनी विचारलं, विमान विकत घेतोयस का रे? पैसे खात्यात मांडा म्हणालो.

८ मार्च
मंजुरी आली. संकल्प: आता काळजी बंद.

८ मार्च, रात्री
लेबल फार पुसट आहे.

९ मार्च
जुनं लेबल ब्लेडने खरवडलं, थिनरने पुसलं. मागमूस नाही. नवं स्वतः लिहिलं. काळी शाई, अर्ध्या इंचाचं अक्षर. लॅमिनेट करून चिकटवलं. आईने चष्मा लावून वाचलं, अक्षर छान आहे म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा नीट बोलली.

१० मार्च, सकाळी ७.४०, विमानतळ
काउंटरवरच्या मुलीलाही अक्षर आवडलं. मग तिने साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, हे बनवणाऱ्या कंपनीचं लेबल नाही. मी फाईल दिली. ते म्हणाले, मॅन्युअलमध्ये तीन मॉडेलं आहेत, ही बॅटरी कुठली, ते बॅटरीवर कुठे आहे? जुन्या लेबलचा फोटो आहे का? पुसट गोष्टीचा फोटो कोण काढतं? गुणाकार करून दाखवला. गणित बरोबर आहे म्हणाले. बॅटरी जाणार नाही म्हणाले.

आई म्हणाली, तुमची साधी खुर्ची द्या. दोन मिनिटांत आली.

आमची खुर्ची बॅटरीशिवाय म्हणजे चाळीस किलो लोखंड. ती आणि बॅटरी इथे सोडता येत नाही. कुणीतरी घरी न्यायला हवी. आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, जा तू, पोचले की कळवते. ढकलणाऱ्या माणसाशी गप्पा मारत गेली. मागे वळली की नाही ते दिसलं नाही. खांब मध्ये होता.

१० मार्च, दुपारी ३
आई मावशीजवळ बसली आहे. फोन ताईचा. आईला दे म्हटलं. म्हणाली, दोघींच्या गप्पा रंगल्यात, नंतर कर.

१२ मार्च
ऑपरेशन नीट झालं. आई महिनाभर तिथेच राहणार. भाड्याची खुर्ची हलकी आहे म्हणाली. नव्याने फॉर्म भरून आपली घेऊन येतो म्हणालो. नको रे म्हणाली, तेवढी चार्जिंगला लावून ठेव.
लावली. तिच्यातच बसून लिहितो आहे.

खर्च: तिकिटं १०,४००. त्यातले माझे ५,२०० परत मिळत नाहीत. मोठी गाडी जाताना ९००, येताना ९००. झेरॉक्स, लॅमिनेशन ३४०. थिनर ६०. ब्लेड ५. एकूण १२,६०५.
देणं: ताईचे ५,२००, माझ्या तिकिटासाठी उसने घेतलेले. मालकांचे ३४०. एकूण ५,५४०.
बेरीज तीनदा केली. तेवढीच येते.