माझ्या शेवटच्या आंघोळीबाबत

लिहून ठेवते मी, रंभा लच्छू गुरनुले, वय चौसष्ट, धंदा लोकांच्या घरी राहून आजारी माणसे सांभाळणे, राहणार नागभीड, जिल्हा चंद्रपूर, की माझे डोके ठिकाणावर आहे. बीपीची गोळी सकाळीच घेतली. मला कोणी पढवलेले नाही. उलट हे लिहू नको म्हणून मुलाने दोनदा समजावले.

१. दोन खोल्यांचे घर व मागची न्हाणी माझ्या कमाईची आहे. ते मुलगा आदेश याला मिळावे, पण कलम ४ मधली अट पाळली तरच.

२. पोस्टातली शिल्लक नात दिव्यानी हिला, नर्सिंग शिकण्यासाठी. कोणाच्याही घरी कामाला गेलीस तर पहिल्याच दिवशी आपले नाव सांग, आणि त्याच नावाने हाक मारायला लाव. मी सव्वीस वर्षे 'ती बाई' होते. 'त्या बाईचं जेवण झालं का?' असे माझ्यासमोर दुसऱ्याला विचारत.

बीपीचे मशीन आणि पेशंटला कुशीवर ठेवायला मी शिवलेल्या चार उशा कनीज वहाब शेख हिला. कनीज नागभीडचीच, हेच काम करते, एकोणीस वर्षांपासूनची माझी सोबतीण. मशीनचा पट्टा सैल झाला आहे, ते तिला माहीत आहे.

३. चंद्रपूरचे निवृत्त शाळा तपासनीस गुणवंतराव यांच्या घरच्यांना मी काही देत नाही, माफीसुद्धा नाही. कारण असे. त्यांच्या पत्नी यमुनाबाई यांना लकवा मारला. सहा वर्षे मी त्यांना सांभाळले. दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. त्यांचा उजवा खांदा इतका दुखे की पोलक्याची बाही चढवायला पाव तास लागे. त्या गेल्या त्या दिवशी नागपूरहून दोन्ही सुना आल्या. बाईंना शेवटची आंघोळ घालायला मी पदर खोचला तर थोरली म्हणाली, हा घरच्यांचा मान आहे, तुम्ही चहाचे पाहा. सहा वर्षांत ज्यांनी बाईंच्या तोंडावरून ओला फडका फिरवला नाही, त्यांचा मान! भर अंगणात पाटावर बसवून टाकीचे गार पाणी ओतले, आणि पातळ नेसवताना तो हात ओढला. माझ्या तोंडून निघून गेले, "हळू, खांदा दुखते त्यायचा."

थोरली म्हणाली, "मेलेल्या मानसाले का दुखते, बाई?" आणि बाया हसल्या.

या गोष्टीला नऊ वर्षे झाली. त्यांच्या हसण्याचा राग आहेच. त्याहून जास्त राग मला माझा आहे, कारण मी गुमान जाऊन चहा मांडला.

४. म्हणून माझी शेवटची आंघोळ मी कनीजला देते. तिच्या मोहल्ल्यात बाईमाणूस गेले की गुस्ल, म्हणजे मयताची आंघोळ, तीच घालते. चादरीच्या आडोशाने, कोमट पाण्याने. मयताला जिवंत माणसासारखेच जपून हाताळायचे, असे त्यांच्याकडे शिकवतात म्हणे.

वकील म्हणाले, आंघोळ ही मालमत्ता नव्हे, मृत्युपत्रात बसत नाही. मग माझे अंग कोणाचे, असे विचारले तर चष्मा पुसत बसले. घराला अट घालता येते, हे मात्र त्यांनीच सुचवले.

आदेश म्हणतो, "आई, लोक का म्हणतीन? आपल्या बाया का मेल्या का?" मेल्या नाहीत बाबा. पण दोन वर्षे माझे गुडघे धरले आहेत, त्यांतली एक तरी तेलाची वाटी घेऊन आली का? अग्नी, दहावा, तेरवी सगळे आपल्या रीतीने करा. फक्त आंघोळ माझ्या न्हाणीत, दार लावून, कनीजच्या हाताने. आदेशने किंवा समाजातल्या कोणी तिला अडवले, तर घर सून मयुरी हिच्या एकटीच्या नावे होईल. हे ऐकून मयुरीने मान खाली घातली, पण तिला हसू आवरले नाही. पोरगी वाईट नाही.

५. हे कलम काल वाढवले. जिला काही द्यायचे तिची साक्ष नको, असे वकिलांचे म्हणणे, म्हणून कनीजची सही घेतली नाही. कागद मात्र तिला वाचून दाखवला. सगळे ऐकून ती म्हणाली, "अन् मी पयले गेली तं?"

याचा मी विचारच केला नव्हता. तिच्याकडच्या बाया मला तिच्या अंगाला हात लावू देणार नाहीत. त्यांना अट घालावी असे माझ्याजवळ काही नाही. त्यांच्यावर माझा रागही नाही. तिला त्या नीट न्हाऊ घालतील, हे मी जाणते. तरी लिहून ठेवते की, कनीज आधी गेली तर मी तिच्या दाराबाहेर चूल मांडून बसेन आणि पाणी तापवून आत देईन. तेवढे मला करू द्यावे.

सही: रंभा लच्छू गुरनुले

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली, आणि आम्हीही त्यांच्यासमोर सही केली:
१. प्रणित बोरकर, औषधाचे दुकान, नागभीड
२. मुखरू मेश्राम, शेजारी

नागभीड, दि. १९ नोव्हेंबर २०२४