आठ मार्चचे दोन तास

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१८ जानेवारी २०२६

ती. अरुणदादास,
आसावरीचा सा. न. वि. वि.

तुझे फोन येतात ते दिसतात. उचलले जात नाहीत. फोनवर मी रडते की नाही याकडेच तुझं लक्ष लागतं. मी रडत नसते, मग तू जास्तच घाबरतोस. म्हणून पत्र.

ईशान बरा आहे. अपघातात त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. सहा आठवडे झाले, तो गाडीत बसलेला नाही. शाळेत चालत जातो, दोन मैल, उणे वीसमध्ये. प्रसन्न त्याच्या मागून हळूहळू गाडी नेतो. परवा ईशानने वळून सांगितलं की बाबा, लोक बघतात. दिवसभरात तेवढंच बोलला.

ज्या बाईंना त्याची गाडी लागली त्या अजून रिहॅबमध्ये आहेत. एका शाळेच्या कँटीनमध्ये काम करतात. बसची वाट बघत उभ्या होत्या. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. इन्शुरन्सचा माणूस सभ्य आहे. काळजी करू नका, सगळं कव्हर होतं, असं म्हणाला. मी थँक यू म्हटलं.

लायसन्सआधी आईबापांनी शेजारी बसून पन्नास तास गाडी चालवून घ्यायची, त्या तासांचा लॉग भरून द्यायचा. तो लॉग आता कोणीच मागितला नाही. पोलिसांनी नाही, इन्शुरन्सने नाही. तुला सांगून ठेवते.

कांचनवहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो तसाच राहू दे.

तुझी
आसावरी

---

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२७ जानेवारी २०२६

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बदललेलं नाही. फिजिक्सच्या जर्नलमध्येही असंच होतं. म्हणजे जी पानं तू लिहिलीस त्यांत. बाकीची माझी.

प्रीमियम आता वाढेल. लगेच कंपनी बदलायला जाऊ नकोस, आधी तीन ठिकाणचे कोट्स घे. ईशानचं बी ॲव्हरेज टिकलं तर मार्कांची सवलत राहील का, ते विचार. त्याच्या नावावर जुनीच गाडी ठेवा. पुन्हा चालवायला लागला तर डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करू दे, त्याचे काही टक्के सुटतात. हे लिहिताना हात चालतो, म्हणून लिहितो आहे.

लॉगचं मी विसरलेलो नाही. मीच म्हणालो होतो की पन्नास तास कोण मोजतंय, जर्नलसारखा एका बैठकीत भरून टाक, फक्त पेनं बदल. पुण्यात लंबकाला हात न लावता तुझी वीस निरीक्षणं मी लिहिली होती. सरांनी 'उत्तम' शेरा दिला होता. आपण हसलो होतो.

आता दुसरं. आमच्या अनिकाला फेब्रुवारीत सतरा पूर्ण होतील. वीस तारखेला तिची रोड टेस्ट आहे. आता इथेही पन्नास तास लागतात. आमचे चौदा झालेत. उरलेले छत्तीस मी मागच्या रविवारी फॉर्मवर लिहिले, तुझं पत्र यायच्या आधी. सही राहिली आहे. उन्हाळ्यात तिला लॅबमध्ये काम मिळतंय, आणि आम्ही दोघं सकाळच्या ट्रेनने जातो, तिला सोडणार कोण? कांचन म्हणते सगळे असंच करतात. तू नको म्हणालीस तर सही करणार नाही.

प्रसन्नरावांना नमस्कार, ईशानला आशीर्वाद. रागावली असलीस तरी लिहीत जा.

तुझा
दादा

---

ईडन प्रेरी
४ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नको म्हणायचं काम माझ्यावर टाकू नकोस. मी फक्त एक ओळ सांगते.

आमच्या लॉगमध्ये ८ मार्चला दोन तास आहेत. शेऱ्यात मी 'बर्फ, ब्रेकचा सराव' असं लिहिलं आहे. निळ्या पेनने. त्या शनिवारी ईशान मंडळाच्या कार्यक्रमात तबल्यावर होता. तू व्हिडिओ मागितला होतास.

अपघाताच्या सकाळी बर्फावर त्याने ब्रेक दाबला. कोरड्या रस्त्यावर दाबतात तसा, पूर्ण, उशिरा. गाडी थांबली नाही याचं त्याला अजून आश्चर्य वाटतं. माझं काय चुकलं, असं त्याने डिसेंबरात विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही. त्यापुढचं वाक्य, की चुकलं ते माझं, ते मी बोलले नाही.

काल बोलले. तो भांडी मशीनमध्ये लावत होता. थांबला नाही. म्हणाला की त्याला माहीत आहे, त्या पानावर त्याचीही सही आहे. त्याला लायसन्स हवं होतं. मग उरलेल्या वाट्या लावल्या.

मला हलकं वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

तुझ्या फॉर्मचं मी त्याला सांगितलं. त्याने अनिकाचा नंबर मागितला. नंतर खोलीचं दार लावून घेतलं. काय बोलला ते मी विचारलं नाही.

वहिनीला नमस्कार. लोभाचं या वेळी लिहीत नाही, समजून घे.

आसावरी

---

वेस्ट विंडसर
१६ फेब्रुवारी २०२६

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

ईशानचा फोन झाला त्या संध्याकाळी अनिका खाली आली. टेबलावरचा फॉर्म घेतला आणि उभ्यानेच वाचला. एकेका तारखेवर बोट ठेवून विचारत गेली, हे आपण कधी केलं. शेवटी म्हणाली की टेस्ट कॅन्सल करा, पण लॅब हातची गेली तर ती तुमच्यामुळे. इंग्रजीत म्हणाली, फार स्वच्छ. मी टेस्ट कॅन्सल केली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

ईशान काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की तो बराच वेळ त्या बाईंबद्दल बोलत होता.

काल रविवारी पावसासोबत बर्फ पडत होता. हवामानखातं बाहेर पडू नका म्हणत होतं. अनिका बूट घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बंद पडलेल्या मॉलचा पार्किंग लॉट आहे ना, तिथे गेलो, तिथवर मी चालवत. मग जागा बदलल्या. मी तिला वीस मैलांपर्यंत वेग घ्यायला सांगितलं, मग ब्रेक. तिने दाबला. पायाखाली काहीतरी थरथरलं. गाडी तिरकी झाली आणि तशीच पुढे जात राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मी दाराचं हँडल धरलं होतं. अनिका ओरडली नाही.

मग गाडी थांबली. समोर काही नव्हतं.

तुमची सगळ्यांची आठवण येते.

तुझा
दादा