सांध्यातली माती

बाबा, अकोल्यातल्या माझ्या मागच्या खोलीत मी एक रेल्वे बांधली आहे. हसू नका. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि मला दुपारी झोप येत नाही. इंजीन तळहाताएवढं, कुणीतरी वापरून विकलेलं. रूळ तेवढे विकत आणले, बाकी घरात होतं त्यातच भागवलं. जुन्या दिवाणाची फळी, टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे डोंगर, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडं. आपल्याकडची काळी माती मात्र कुठल्याच रंगाच्या डबीत मिळेना, तेव्हा चहाचा चोथा उन्हात वाळवला आणि डिंकावर पसरला. ही लाईन बडनेऱ्याहून निघते आणि माझ्या मनाला येईल तशी वळत अकोल्याला पोचते. तिच्यावरची मधली स्टेशनं कुठेच नाहीत, ती मीच वसवली. फोटो पाहून पुण्याच्या एका छंदिष्ट गृहस्थांनी फोनवर मला समजावलं, की अशी लाईन नकाशात नाही आणि बायकांनी सुरुवात बाहुलीघरापासून करावी. मी म्हटलं, मी तुमचं मत मागितल्याचंही माझ्या नकाशात कुठे दिसत नाही.

पण खरा छळ मांडला होता तो सांध्यानं. एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे गाडी दरवेळी पडायची. तयार सांधा महाग, म्हणून रूळ कानशीनं घासून मी तो स्वतःच केला होता. तीन आठवडे इंजीन त्याच जागी कलंडत होतं आणि मी त्याला दोन्ही भाषांत बोलत होते. शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. त्यांनी माझं डाखकाम नखानं वाजवून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, जोड तो पक्का है. गाडीच तुमच्यावर नाराज आहे." ते गेल्यावर मी भिंग घेऊन फळीवर पालथी पडले, तेव्हा दिसलं. सरकणारा पातळ रूळ मोठ्या रुळाला टेकतो, तिथे चहाचा एक कण अडकला होता. एकच. मी तो नखानं काढला.

आणि मी बडनेऱ्याच्या यार्डात उभी आहे. हातात तुमचा डबा, पायात शाळेचे बूट, चिखल घोट्यापर्यंत. तुम्ही, यार्डातले सांधेवाले, सांधा फिरवायचा लोखंडी गोळ्याचा दांडा उलटवता, पण झेंडी दाखवत नाही. उकिडवे बसता, गाल रुळाला लागेल इतके वाकता आणि फटीतली काळी माती नखांनी कोरून काढता. दांडा तर पडला, मग आता काय पाहता, असं मी वैतागून विचारते. तुम्ही मान वर करत नाही. "दांडा खोटं बोलू शकते बाई. जीभ पुरी टेकली का नाई, थे डोयानंच पाहा लागते." त्या पातळ रुळाला तुम्ही जीभ म्हणायचात. मला हसू येतं, कारण घरात माझ्याही जिभेचा तेव्हाच बोभाटा झालेला असतो.

कॉन्व्हेंटात रोज प्रार्थनेनंतर सिस्टर आमची नखं तपासायच्या. काळं नख म्हणजे काय, हे मी तिथे शिकले होते. म्हणून बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात, आईच्या देखत, मी तुम्हाला सांगितलं, की येणार असाल तर हात खिशात ठेवा. आईचं लाटणं थांबलं. तुम्ही म्हणालात, ठेवतो. मी इंग्रजीत भाषण केलं, सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि शेवटच्या रांगेत तुम्ही दोन्ही हात खिशात घालून उभे होता. ते बाहेर आले नाहीत. मला हायसं वाटलं होतं, बाबा. अमरावतीहून सायकलवर डबलसीट परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "चांगली बोल्ली वं. मले समजलं नाई, पण कुठी अटकली नाई."

चहाच्या एका कणानं माझं इंजीन पडतं. तुमच्या जिभेवरून झोपलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या जायच्या, आणि प्रत्येक गाडीआधी तुम्ही चिखलात वाकून तो एक कण शोधायचात. उन्हाळ्यात रूळ हाताला भाजत असताना, पावसात, अंगात ताप असतानासुद्धा. तुमच्या सांध्यावर कधी काही झालं नाही, म्हणून तुमच्याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि बोलणं हाच माझा धंदा होता. परवा ती टीचभर गाडी सांध्यावरून न अडखळता गेली, तेव्हा मी खोलीत एकटीच उभी राहिले, सभेत कुणी मोठं माणूस आत आल्यावर उभं राहतात तशी.

तुम्ही गेलात तिथलं हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, तेव्हा एक खरं लिहून ठेवते. सगळे सांगतात, सांध्याला मोटर लावा, बसल्या जागी बटण दाबा. मी लावलेली नाही. दर फेरीला उठते, फळीला वळसा घालते, वाकते, जीभ टेकली का पाहते, मगच गाडी सोडते. गुडघे सुजले आहेत. डॉक्टरांना सांगितलंय की जिन्यामुळे. माझं घर तळमजल्यावर आहे.