पहिल्या पानावरचे गळ

१४ मार्च, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. फोन हाताशी असताना कागद कशाला, तोही घरी न पाठवता तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर, म्हणून चक्रावशील. सांगतो. अक्षराला हसू नकोस.

मी ठीक आहे. गोदामात दिवसभर खोकी भरतो. एका जागी पाय ठरत नाही म्हणून इथेही माझं नाव भिंगरी पडलंय.

गेल्या महिन्यात आमच्या खरेदीच्या ॲपनं मला कोड्यात टाकलं. उघडलं की ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून दाराचं कुलूप, एकेरी गादी, एका बर्नरची शेगडी, मुलीचं दप्तर. लग्न नाही, पोर नाही, आणि हे माझं बिऱ्हाड थाटायला निघालंय!

ॲप बनवणाऱ्या मॅडम गोदाम बघायला आल्या, तेव्हा खोकं खाली ठेवून सरळ विचारलं, “मॅडम, याला माझ्या मनातलं कळतं कसं?”

“मनातलं काही कळत नाही रे. काय पाहिलंस, कुठे थांबलास, परत कशाकडे आलास, त्यावरून पान मांडतं.”

“पण दप्तर मी पाहिलंच नाही.”

“मग तुझ्या खात्यावर दुसरं कुणी बघतंय. त्याला तुम्ही सगळे एकच माणूस.”

“आणि जुनं खाली ढकलायचं असेल तर?”

“दुसरंच काहीतरी खूप बघ. काय रे, माझी नोकरी हवीय का तुला?”

ताई, माझं हे खातं मीच तुझ्या फोनवर उघडून दिलं होतं. आणि भाऊजींच्या फोनवरही तेच आहे. त्यांनी बूट मागवले तेव्हा मला मेसेज आला होता. मला दिसतं ते त्यांनाही दिसतं. एकदम बंद केलं तर संशय येईल.

म्हणून आठ दिवस झाले, सुट्टीत मी मासे पकडायचे गळ बघतोय. गळ, जाळी, दोऱ्या. पहिलं पान सगळं गळांनीच भरलंय. शेजारचा म्हणतो, “भिंगरी, इथे नदी तरी आहे का?” कुलूप खाली गेलंय, पण निळं दप्तर सारखं वर येतं. तुझ्या चिमणीला तेच आवडलंय ना? आता ॲपवर काही शोधू नकोस.

मागे तू फोन केला होतास. “इथं राहवत नाही रे,” म्हणालीस आणि मी “सगळीकडे असंच असतं, सांभाळून घे,” म्हणून ठेवून दिला. कामाची घाई होती, हे खरं. पण तू माघारी आलीस तर तुमचं बघायला मला गाशा गुंडाळून घरी जावं लागेल, ही भीती त्याहून खरी. हे आज लिहितोय, तरी लाज वाटते.

शुक्रवारपासून चार दिवसांची रजा मिळाली आहे. कधी निघायचं, कुठे जायचं ते तू ठरव. मी येतो. भाऊजी दारात उभे राहिले तर त्यांच्याशी मी बोलेन. वर्गातल्या फोनवरून मला कॉल कर. या वेळी तू बोलताना मध्ये तोंड घालणार नाही.

तू बोलायची थांबशील तोवर ऐकणारा,
तुझा धाकटा