बदकात अडकलंय काय?

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज लेकीला, तुमच्या ठकीला, डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी तिच्यादेखत रबरी बदक रुमालाखाली लपवलं. ठकीने रुमालाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असतेच, हे आठ-नऊ महिन्यांच्या मुलांना कळू लागतं म्हणे. ती दोन महिने आधी जन्मली, तेवढी सूट धरूनही आता तिने शोधायला हवं. महिन्याने परत बोलावलंय. मी घरी दिवसातून वीसदा बदक लपवते. तिच्या मेंदूत काही राहून तर गेलं नसेल ना, बाबा? माझा जीव थाऱ्यावर नाही.

धीराचे दोन शब्द लगेच धाडावेत.
आपली, बायो

९ फेब्रुवारी

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, पण रिकामं कपाट उघडून द्या म्हणणारं गिऱ्हाईक अजून आलं नाही. त्या बदकात ठकीचं काय अडकलंय? तिचा जीव कशावर आहे ते बघ आणि ते लपव. आधी अर्धंच झाक. आणि वीसदा नको, पोर कंटाळते. तू दोन वर्षांची होईतो बोलली नव्हतीस. तुझी आई रोज रडायची. आता तुला आवरता आवरत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद, तुला थोडे जास्त.
तुझा बाबा

१० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ठकीचा जीव माझ्या चमच्यावर निघाला. अर्धा झाकला तर लगेच ओढायची, पूर्ण झाकला की विसरायची. पाचव्या दिवशी तिने रुमाल उचलला आणि चोर मीच असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात फतकल मारून रडले.

आज तपासणी झाली. बदक रुमालाखाली गेलं आणि ठकीने पुन्हा दुर्लक्ष केलं. ती बाईंचा स्टेथोस्कोप सारखी ओढत होती, म्हणून त्यांनी तो काढून टेबलाच्या खणात टाकला आणि कागद लिहायला घेतला. ठकी माझ्या मांडीवरून वाकली, खणाची कडी दोन्ही हातांनी धरली आणि खेचत राहिली. बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी खण बोटभर उघडून दिला, पुढचं तिने केलं. बाई हसत म्हणाल्या, हिला सगळं कळतं, फक्त बदक आवडत नाही.

खण बंद होता, बाबा. तरी आतली वस्तू माझ्या लेकीच्या डोक्यात शाबूत होती.

लोभाचा मोठा वाटा आता नातीचा. माझा थोडा राखून ठेवावा.
आपली, बायो