पहिल्या शंभरात किती?

१४ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार, गुडघे परवानगी देतील तितका. इकडे सर्व क्षेम. हिची सर्दी गेली, ती मला लागली.

तुझा तक्ता पोचला. कोणत्या देशाची किती विद्यापीठं जगातल्या पहिल्या शंभरात, तेही विषयवार, तीन रंगांच्या शाईत. वैद्यकात हा देश पुढे, स्थापत्यात तो, आणि खाली बेरीज करून विजेता घोषित! अरे, या काय कुस्त्या आहेत? तुझ्या लेकीला सगळे विषय शिकायचे नाहीत. एकच शिकायचाय.

तिनं निवडलेला चिमुकला देश तू तळाला टाकलास, कारण त्याचं शंभरात एकच विद्यापीठ. पण ठमीच्या विषयात ते एकच सर्वांच्या पुढे आहे. आणि तो विषय तुझ्या तक्त्यात नाहीच. पशुवैद्यक आहे, श्रवणशास्त्र नाही. तुझ्यासारख्या काटेकोर माणसाकडून नेमका तोच रकाना राहावा?

काल ती इथे येऊन धुसफुसत होती.
"काका, बाबांना फोनवर तीनदा विषय सांगितला. म्हणाले, 'हो हो, छान. जेवलीस का?'"
"मग चौथ्यांदा सांग."
"ओरडून? शेजाऱ्यांनाच प्रवेश मिळेल!"
हसलो दोघंही. मग तिचं हसू एकदम थांबलं.

दादा, मीही वैतागलोय. दोन वर्षं आम्ही तुझ्याशी वरच्या पट्टीत बोलतोय आणि तुझं निदान काय, तर हल्ली लोक पुटपुटतात. कानाचं यंत्र आणून दिलं, त्याची डबीसुद्धा उघडली नाहीस. मी फोन सोडून पत्र का लिहितोय, असा प्रश्न तुला पडला असेल. नसेल, तर आता पडू दे.

हा विषय तिला कुठून सुचला, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. जेवायला ती कायम तुझ्या डाव्या हाताला बसते, उजव्या कधीच नाही, एवढंच मी पाहिलंय.

पालक म्हणून तुझी सही महिनाअखेर गेली नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल. तक्ता परत पाठवतोय. त्यात एक रकाना मी पेन्सिलीनं वाढवलाय, बेरीज तूच कर. रविवारी येतो. रागवायचं असेल तर समोरासमोर रागव. मी तिच्या जागेवर बसेन, म्हणजे माझं उत्तर तुला ऐकू येईल.

तुझ्या डाव्या बाजूचा,
धाकटा